कोपरा गोल करायचा, एवढंच

...आणि वर वापरणारेच म्हणतात, फुकटचं आहे ना, मग तुमची तक्रार कसली? अहो, तक्रार तेच करतात, माझी ऐकतंय कोण? तुम्हाला सांगतो, कॉम्प्युटरवर वस्तूंची डिझाइनं काढायचे प्रोग्राम असतात ना, त्यांच्या पोटात भूमितीचा एक गाभा असतो, सगळं गणित तिथं, आणि आमचा गाभा सगळ्यांना खुला, कोणीही बघावा, कोणीही दुरुस्त करावा... तर तो 'कोणीही' म्हणजे मी. आधी दोघं होतो. दुसऱ्याला मुलगी झाली, त्यानं एक ओळ लिहिली, आता तुम्हीच बघा, आणि मी सहा वर्षं बघतोय.

तर एका सोमवारी कुबड्या बनवणाऱ्या कारागिराचा मेल आला. मुठीचा कोपरा माणसांच्या तळव्याला बोचतो, गोल करायला गेलं की प्रोग्राम बंद पडतो. कोपरा गोल करायचा, एवढंच.

एवढंच? तीन वाकड्या कडा एका टोकाला भेटतात, तिघींच्या तीन तऱ्हा, मधे केसाच्या हजाराव्या भागाएवढी फट राहते आणि गाभा अडून बसतो, ही वस्तू सगळीकडून मिटलेलीच नाही, मी नाही मोजणार. फट बुजवावी, तर पलीकडे दुसऱ्याच कोणाच्या तरी डिझाइनमधल्या नळीचं तोंड फाटतं. ताईला फोनवर सगळं समजावलं. ती म्हणाली, कोपरा गोल करायचा, एवढंच ना, जेवलास का?

कारागीर मात्र दर सोमवारी लिहायचा, मी त्याच दिवशी उत्तर द्यायचो. झालं का? आज पुन्हा बंद पडला. एकदा लिहिलं, गुडघा दुखतोय, दुकान लवकर बंद करतोय. ते मी दोनदा वाचलं. आठवड्यात माणसानं लिहिलेलं तेवढंच यायचं हो, बाकी जाहिराती...

अकरा महिन्यांनी जमलं. तिन्ही कडा मिटल्या, कोपरा गुळगुळीत. खोलीत सांगायला कोणी नाही, म्हणून उठून खिडकी उघडली, परत लावली. त्याला कळवलं. सोमवार गेला, दुसरा गेला, उत्तर नाही. मेलखाली दुकानाचा नंबर असायचा, शेवटी न राहवून फोन केला.

"तो कोपरा होय? तो मी पहिल्याच आठवड्यात कानशीनं घासून टाकला. वीस मिनिटं लागली."

"मग दर सोमवारी लिहीत का होतात?"

"तुम्ही उत्तर देत होतात ना. आता झालं म्हणालात, मग काय लिहिणार?"

मी म्हटलं, बघा जरा, दुसरं काहीतरी बंद पडत असेलच... आमचाच गाभा आहे, शोधायला वेळ लागायचा नाही.