पिवळा धमक गूळ

…अन् वरून मलाच विचारती, "आबा, तुमी गुळात ती पावडर कावून टाकता?" आता कावून म्हंजे? पिवळा पाहिजे म्हणून! तुमाला सांगतो, माजलगावच्या अंगाला वीस वर्षं झाली माझं गुऱ्हाळ हाय, रस माझा, काहील माझी, जाळ माझा, पण गुळाचा रंग? तो माझा न्हाई बरं का, तो गिऱ्हाइकाचा. पिवळा पाहिजे, बास!

ही विचारणारी माझी लेक, योगिता. संभाजीनगरला फार्मसी शिकली. मला बीपी निघाला त्या दिवसापासून मागंच लागली. "आबा, त्या हायड्रो पावडरीतनं गुळात सल्फाइट उरतं. उंदराच्या रक्तवाहिनीचं कडं कापून, पाण्यात टांगून प्रयोग करत्यात…" म्हणलं, थांब बाई, जेवतोय मी! "…अन् सल्फाइटनं तिचं आवळणं, सैल पडणं बदलतं म्हणे." म्हणलं, उंदराचं ऱ्हाऊ दे, माझं काय? तर म्हणती, "माणसाचं अजून पक्कं न्हाई, आबा." घ्या! पक्कं न्हाई म्हणं! अहो, तब्येतीला बरा म्हणून मी साखर सोडून गूळ धरलेला… कुणाचा? माझाच! माझ्याच हातानं पावडर टाकलेला!

मग आलं डोक्यात. एक काहीलभर आधण बिनपावडरीचं काढलं. रानभेंडीचं पाणी घालून रसातली मळी काढली, माझा बाप काढायचा तशी. गूळ झाला… काळा. म्हंजे लई काळा न्हाई, रानातल्या ढेकळावानी. पण चव? काय सांगू तुमाला! अडतीवर नेला, तर आमचा अडत्या अमरसिंह ढेपंला बोट सुदिक लावंना. "उत्तरेश्वरराव, करपला का वो?" म्हणलं, करपला न्हाई, खरा हाय. "खरा असू द्या की… पिवळा पाहिजे." आल्या समद्या ढेपा माघारी घरला.

अन् त्याच आठवड्यात आष्टीचे पाहुणे योगिताला बघायला! आमच्यात पाहुणा उंबऱ्याच्या आत आला की आधी गूळ-पाणी. बायकोनं, शिवकन्येनं, मला दाराआड ओढलं. "गुऱ्हाळवाल्याच्या घरात काळा गूळ देता व्हय? चार लोकांत नाक कापता का?" तवर योगिता ताट घेऊन भाईर गेली सुदा! पोराची आई, रुक्मिणीबाई, एकदा ताटाकडं बघती, एकदा माझ्याकडं. "गुऱ्हाळ तुमचंच ना? मग चांगला तेवढा इकता अन् लेकीच्या सोयरिकीला असला ठेवता?" झालं! योगितानं उंदीर काढला! रक्तवाहिनी, कडं, आवळणं, सैल पडणं… पंधरा मिनिटं! पाहुण्यांच्या हातातले खडे हातातच. म्हणलं, गेली सोयरीक. तर रुक्मिणीबाई उठता उठता म्हणती, "पोरगी हुशार हाय, आमाला पसंत हाय. लग्नातला गूळ तुमच्याच गुऱ्हाळाचा. पण पिवळा पाहिजे. मी रोज सकाळी तसलाच खाते."

म्हंजे माझी लेक नांदायला कुठं चालली बघा!

आता मात्र मी हटून बसलो. म्हणलं, सोयरे गेले खड्ड्यात, पावडरीला हात लावणार न्हाई. लग्नाच्या गुळाचं आधण चढवलं, रस रटरट उकळायलाय, भेंडीचं पाणी तयार… अन् समोर योगिता. हातात पावडरीचा डबा. म्हणलं, अगं बये, तूच ना ती? पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणती, "आबा, पोरगं लई चांगलं हाय वो. टाका ना." म्हणलं, अन् तिथं जाऊन तू काय खाशील? "ते खातील तेच."

लई वाईट वाटलं, तुमाला सांगतो. मग? मग काय… टाकली. अन् गूळ असा देखणा उतरला, म्हणून सांगू, आजवर कवा माझ्या हातनं तसा निघाला न्हवता.