कणकेचं झाकण

हसू नका, पण माझ्या धंद्याची सुरुवात परातीतनं व्हायची. मी फौंड्रीसाठी लाकडी साचे करायचो. लाकूड कापायच्या आधी बायकोच्या कणकेचा गोळा घ्यायचा, त्याचा नमुना वळायचा आणि गिऱ्हाइकाला दाखवायचा. चुकला तर परत मळायचा, लाकूड वाया जात न्हाय.

एकदा गडहिंग्लजचं पावणं आलं. पंपाच्या झाकणाचा नमुना त्यांनी हातात फिरवून बघितला. म्हणालं, "बास, असंच पायजे." मग जेवायला बसलो. चौथी चपाती संपवून म्हणालं, "आता त्या झाकणाची मापं घ्या की."

मी आत गेलो, तर नमुना गायब.

बायको तव्यावरनं मान न उचलता म्हणाली, "कणीक कमी पडली. पावण्यांनीच खाल्लं की झाकण."

तिला जाऊन आता तीन वर्षं झाली. परवा तेच पावणं परत आलं. फळीवर कणकेचे दहा-बारा नमुने वाळून दगड झालेले बघितले, आणि म्हणालं, "लई जपून ठेवलंय की सगळं."

म्हटलं, "जपतोय कुठं? ती गेल्यापासनं एकबी हरवत न्हाय."