पहिली वाटी

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी तिचा ‘ये’ म्हणून निरोप आला होता. पण अमेरिकेतल्या लढाईनं कापसाचा भाव चढलेला, म्हणून वच्छला वेचणीलाच गेली. पुढं बापानं दुसरी बायको केली, तरी ती माहेरी फिरकली नव्हती. आज अमरावतीच्या बाजारात तिची कापसाची बैलबंडी रांगेत उभी होती. पुढच्या बंडीवर एक अनोळखी म्हातारा-म्हातारी बोलत होती.

“दोस्ताच्या नव्या बायकोनं मुंबईचा चहा पाजला, अन् तुमी तोंड पाडून कावून बसले?”

“अवो, पहिली वाटी तिनं मले नाही देल्ली. गयातल्या चांदीच्या टाकापुढं धरली.”

“मंग? सवतीचा टाक हाय थो. मेलेल्या पहिलीचा मान पहिला.”

“मान ठीक हाय. पन थे टाकाले म्हने, ‘बाई, नत्थुजी आले, तुमाले इचारून राहिले.’ म्या तं काई इचारलंच नोतं.”

“इचाराले पाह्यजे होतं. पहिलीच्या हातचं कमी खाल्लं काय तुमी?”

“कोनाशी बोलू, थेच समजेना.”

“मंग बोलले काय?”

“म्हनलं, वहिनी, चहा गोड झाला.”

“कोनत्या वहिनीले?”

“थेच तं मी इचार करून राहिलो.”

वच्छला बंडीवरून उतरली.

“मावशी, टाकाले आयकू येते काय?”

“कोन जाने, बाई. कावून?”

“माह्या मायचा टाक नवीच्या गयात हाय. मले तिले सांगाचं हाय, म्या याले पाह्यजे होतं.”