सगळ्यायच्या बापाचा फोटो

—शहात्तर. एकोणीसशे शहात्तर लिव, महिना जानेवारी, तारीख बावीस, वार गुरुवार. आज पन्नास वर्सं झाले बरोबर, अन् आजबी गुरुवारच हाय. थंडी अशी का शाई डब्यात घट्ट झाली होती, शेगडीजवळ ठेवली तवा कुठं मशीनवर फिरली. कापसाची शेवटची वेचणी चालू होती. हेबी लिव. पेन नाई आणला? आठवणी घ्याले आली अन् पेन नाई. मंग ध्यानात ठेव. भाई गेल्यापासून सव्वा महिन्यात तीन जण येऊन गेले, चौथी तू. एकानं तं मोबाईल माह्या तोंडासमोर धरला, म्हणे थोर दानशूर कुर्बानभाईबद्दल दोन शब्द बोला आजोबा. मी दोनच बोललो — चपला काढ. ओट्यावर चपला घालून चढला होता. तू काढल्या. भाईची नात शोभते. ते पाकीट ठेव खाली, पाकीट मंग पाहू. अमरावतीची बस चार वाजता हाय, टाइम हाय बम.

तं त्या गुरुवारी अमरावतीले तुह्या आजोबाचा पेपर निघाला. साप्ताहिक सरकी. नाव ऐकून लोकं हासले — पेपर हाय का म्हशीचं खाणं. भाईच्या घरी सरकीचाच धंदा होता, ते म्हणे ज्यानं आमाले खाऊ घातलं त्याचंच नाव ठेवीन. मी तथी खिळे जुळवाले होतो. खिळे म्हणजे शिशाचे अक्षरं — एकेक उचलायचं, ओळीत लावायचं, आरशातल्यासारखं उलटं. चौथी शिकलो मी, तेबी अर्धी. सरळं अक्षर मले आजबी अडखळत वाचता येते, पण उलटं दे, गाडीसारखं वाचतो. हासू नको. सरकीचा पहिला अंक ह्या बोटायनं जुळवला, एक काना चुकला नाई. चूक झाली ती पाचव्या अंकात. अन् ती खिळ्यायची नोयती.

माहा बाप नत्थुजी खंडारे, अकोटच्या कापूस बाजारात मापारी. काटा धरायचा. मोठमोठे शेठ त्याच्या काट्यापुढं गुपचूप उभे राहत. वाचता एक अक्षर येत नोयतं, अन् सरकीचा पहिला वर्गणीदार तोच — भाईपाशी आला, वर्साची वर्गणी टेबलावर ठेवली, म्हणे माहं पोरगं ज्या पेपरात हाय तो माह्या घरी आला पाहिजे, वाचता येवो का नाई. भाई खुश. म्हणे नत्थुजी, पहिल्या अंकात तुमचा फोटो छापतो, पहिले वर्गणीदार म्हणून. स्टुडिओत नेऊन फोटो काढला, नागपूरले पाठवला, ब्लॉक बनून आला. ब्लॉक म्हणजे जस्ताच्या पत्र्यावर कोरलेला फोटो, खाली लाकूड ठोकेल, हातात मावते एवढा. तवा फोटो छापायचा तं असाच. चार दिवस लागत, खर्च वेगळा. पण ऐन टायमावर साड्यायच्या सेलची जाहिरात आली, बाप बाहेर गेला. दुसऱ्या अंकात बाहेर. तिसऱ्यात बाहेर. मी रविवारी अकोटले गेलो का बाप इचारे, आला का रे? मी म्हणे, पुढच्या गुरुवारी.

पाचव्या अंकाले अकोल्याचे एक धान्याचे अडते वारले. त्यायचं पोरगं जाहिरात घेऊन आलं — फोटोसकट पाहिजे, नाई तं दुसऱ्या पेपरात देतो. आता नागपूरचा ब्लॉक चार दिवसांनी येईन, अन् अंक उद्या. तं तुह्या आजोबानं म्हटलं, देवमन, नत्थुजीचा ब्लॉक पडून हाय, तोच लाव. टोपी हाय, मिशी हाय, कोण पाहते. लावला. वर लिवलं भावपूर्ण श्रद्धांजली, खाली अडत्याचं नाव. मधात माहा बाप.

अन् मजा ऐक. अकोल्यावरून कोणी भांडाले आलं नाई. अडत्याच्या बायकोचा निरोप आला — फोटो लय छान आला, जिवंतपणी यायचा चेहरा इतका शांत कधी पाह्यला नाई. असा होता बापाचा चेहरा. त्यात कोणाचाबी बाप बसे.

अकोल्यात भांडण नाई. भांडण अकोटले झालं. शुक्रवारी बापानं पेपर पाह्यला, आपला फोटो वळखला, छाती फुगली. इचारलं काय लिवलं? तुमचंच नाव लिवलं. पहिले वर्गणीदार. झालं, बाप पेपर घेऊन बाजारात. चहाच्या टपरीवर पन्नास माणसायले दाखोला. त्यायच्यात एक शाळेचे मास्तर. त्यायनं चष्मा लावला, वाचलं, पुन्हा वाचलं, अन् म्हणे, नत्थुजी, हे तं तुमी मेले लिवलं. अन् नावबी तुमचं नाई.

शनिवारी सकाळच्या एसटीनं बाप अमरावतीले. प्रेसमधी. मी खिळ्यायच्या खणामागं. भाई तेवढ्यातच आले होते, अंगावर प्रवासाची धूळ, हातातली पिशवी अजून खाली ठेवली नोयती, आठ दिवस कागदासाठी अकोल्याले अडकून होते बिचारे, अंक त्यायनं पाह्यलाबी नोयता—

काय पाहून राहिली?

—होय. अकोल्याले होते. आठ दिवस. मंग ब्लॉक लाव म्हणून कसं सांगतलं? फोननं. फोन कोठी होता प्रेसमधी तवा. तू लय इचारते. चहा घेते का? नाई? मी तं घेणार होतो. राहू दे.

मी लावला. आयक आता. पन्नास वर्सं लोकायले सांगत आलो का भाईनं लावला, अन् भाईनं कधी नाई म्हटलं नाई, तं मलेच तसं वाटाले लागलं होतं. बाप दर रविवारी इचारून राहिला होता, आला का रे. मी म्हटलं, गिऱ्हाईकाचंबी काम होते, बापाचा फोटोबी येते, बापाले कुठं वाचता येते. तुमचंच नाव लिवलं असं मीच सांगतलं त्याले. शुक्रवारी पेपर घेऊन मीच गेलो होतो अकोटले. बोट ठेवून वाचून दाखोलं — न, त्थु, जी. तथी अडत्याचं नाव होतं. असा मी बह्याड.

तं बाप भाईच्या टेबलापुढं उभा. म्हणे, शेठ, माह्या पोरानं वाचून दाखोलं का माहं नाव हाय. मास्तर म्हणते नाई. खोटं कोण बोलते ते सांगा, मी काटा धरणारा माणूस हाव. भाईनं पेपर पाह्यला. मंग माह्याकडं पाह्यलं. मी मुंडकं खाली घातलं. अन् भाई म्हणे, नत्थुजी, गलती माही. पोरगं काय करीन, मी सांगतलं ते त्यानं लावलं. त्याले जे सांगाले सांगतलं ते त्यानं तुमाले सांगतलं. तुमच्या नावाखाली तुमचा फोटो छापणं माह्यावर देणं राह्यलं. असं म्हणे. पिशवी हातातच.

मंग? मंग बाप बसला. पाणी पेला. अन् माणूस काय बेरकी — म्हणे, शेठ, आता छापू नका. उद्या छापान तं बाजार म्हणीन नत्थु पुन्हा मेला. थांबा जरासाक. पण चेहरा माहा हाय, तो फुकट काऊन वापरला? भाई म्हणे, पैसे सांगा. बाप म्हणे, पैसे नोको. ह्या अडत्याच्या पोराले सांगा, एका गरीब पोट्ट्याची वर्साची फी भर. पावती आण. अन् पुढं कोणाचा बाप मरन अन् फोटो नसन, तं माहा लावा. दर टायमाले एका पोट्ट्याची फी. आपल्यासारखं कोणी नाई राह्यलं पाहिजे, का पेपर उलटा धरला तं समजत नाई.

पाह्यलं? भाईचं दानधर्म दानधर्म म्हणते सारं गाव — ते तथून सुरू झालं, माह्या बापाच्या चेहऱ्यावरून. माह्या बुद्धीवरून म्हटलं तरी चालते, पण ते नोको लिवू. एकोणीसशे एक्याण्णवपर्यंत माहा बाप एकशे बारा वेळा मेला. कधी मूर्तिजापूरले मेला, कधी दर्यापूरले, एका अंकात तं दोन पानायवर मेला. अन् प्रत्येक मरणामागं एक पोट्टं शाळेत. बाप मले दर रविवारी इचारे, आज कोण हाव मी? मी सांगो, आज तुमी परतवाड्याचे पाटील. बाप म्हणे, पावती आली का? आली. मंग ठीक हाय.

भाईले चव लागली त्याची. मंग जिवंत लोकायलेबी तोच नियम. तुले तं माहीत हाय फळवाटपाचे फोटो — दवाखान्यात एक पेशंट, एक केळ, अन् त्या केळाले सात जणायचे हात. असे पुढारी येत सरकीत, म्हणे दहा डझन केळं वाटले, फोटो छापा. भाई म्हणे, छापतो की. एका पोराची फी भर, पावती आण. पुढारी चिडे, दुसऱ्या पेपरात जाये. महिन्याभरात वापस. कारण लोकं म्हणत, सरकीत फोटो नाई म्हणजे केळंबी उधार आणले असन. पेपर दैनिक झाला, भाई मोठे झाले, त्या पावत्यायच्या जोरावर अकोटातलं हे समोरचं वसतिगृह उभं राह्यलं. पाह्य इथून दिसते. नव्वद पोरी हाय. पाटीवर कोणाचं नाव नाई, फक्त सरकी.

अन् भाईचा सोताचा फोटो एकदाबी नाई. आपल्याच पेपरात पन्नास वर्सं बिनफोटोचा मालक. मी इचारलं एक डाव. म्हणे माह्या फोटोची फी मले परवडत नाई. तुही आजी, फरजानाभाभी, आतून म्हणे, काही नाई देवमनभाऊ, नाक दोन कॉलमात मावत नाई म्हणून.

मंग बाप मेला. खरंच मेला, एक्याण्णवच्या मे महिन्यात. भाई सोता ब्लॉक घेऊन आले. अन् ब्लॉक पाह्यतो तं झिजेल. एकशे बारा वेळा छापला, राहते काय — टोपी अन् काळा डाग. नवा फोटो बापानं कधी काढू देला नाई, म्हणे हाय तो पुरे. स्टुडिओवाल्याचा कागदावरचा फोटो नागपूरहून वापस आला का नाई, कोणाले माहीत नाई. साऱ्या वऱ्हाडाले चेहरा देणारा माणूस, अन् आपल्याच पेपरात बिनफोटोचा गेला. त्या दिवशी मी भाईले लय बोललो. म्हटलं, तुमी शब्द देला होता बापाले. मी म्हटलं हे. म्या. अन् ते आयकून राह्यले. एवढंच म्हणे, हाव देवमन, बाकी है.

तवापासून दर बावीस जानेवारीले मी जात होतो. पेंशनीत आलो तरी जात होतो. दरवाज्यात उभं राहून मी म्हणे, भाई, देणं बाकी हाय. ते म्हणे, हाय. तीळगूळ देत. मी वापस. आज पहिली बावीस हाय का मी गेलो नाई. कोणापाशी जाऊ? आता कोणाच्यानं फिटते ते. म्हणून मी त्या तिघायले काही सांगतलं नाई. अन् तुले एवढं सांगाचं नोयतं. तू काही बोलत नाई ना, म्हणून माणूस बोलत जाते.

अन् ब्लॉक मांगाले आली असशीन तं नाई भेटणार. बाप गेला तवापासून तो माह्यापाशी हाय, पेटीत, बापाच्या टोपीत गुंडाळेल. त्या तिघायनंबी मांगितला होता, कपाटात ठेवतो म्हणे काचेच्या.

काय? पाकीट उघडू? दे.

आजचा अंक. पन्नास वर्साचा. हं, पहिलं पान. आता इथं भाईचा फोटो असन, मेल्यावर तं छापतातच—

हा कोण?

थांब. बोलू नको. आरसा दे तो खुट्यावरचा. नाई — राहू दे, सरळंच वाचतो. न. त्थु. जी. खं-डा-रे. अकोट. सरकीचे पहिले वर्गणीदार. टोपी कशी स्वच्छ दिसून राहिली. मिशीचा केस न् केस. स्टुडिओतला तोच, कागदावरचा. कुठं भेटला हा फोटो? भाईच्या कपाटात. तुले. मांगून कधी सापडला असन त्यायले. अन् फोटोसंग पाकिटात भाईनं आपल्या हातानं लिवून ठेवलं होतं? वाच ते. हळू वाच.

माहा फोटो नोको. माह्या जागेवर हा छापा. नाव बरोबर पाहून घ्या.

अन् खाली? चूक कोणाची होती ते? ते नाई लिवलं. अंकात कुठंच नाई? पाह्य पुरं.

नाई.

बस आता. थांब, उठू नको, पेटी खोलतो. हे घे. टोपी राहू दे मले, ब्लॉक ने. भाईच्या पैशानं बनवला होता, भाईचाच हाय.

चपला घाल. चार वाजत आले, बस जाईन तुही.

फिटलं.