साडेआठची आणि माझा उजवा डोळा

नाही, म्हणजे तुम्हीच सांगा, माणसाचा डोळा उघडा आहे, उघडा म्हणजे कसा, तर पापणी मिटता येऊ नये म्हणून त्यात चिमटा अडकवलाय, तोंडावर हिरवं फडकं, फडक्याला एवढंसं भोक, भोकातून डोळा तेवढा बाहेर, आणि त्या डोळ्यात डॉक्टरबाईंचं हत्यार... अशा वेळी भांडायचं असतं का? आणि भांडायचं कशावरून? तर टीव्हीवरची मालिका लवकर संपवली की उशिरा! अहो, माझा डोळा आहे तो, गप्पा मारायचा कट्टा नाही! पण हे बोलणार कोण? मला तर सुरुवातीलाच दम भरलेला, "काका, बोलायचं नाही, खोकायचं नाही, आणि काही झालं तरी हलायचं नाही हं!"

काही झालं तरी! म्हणजे काय काय होणार होतं, हे त्यांना आधीच ठाऊक असावं.

तुम्हाला सांगतो, मी काही भित्रा माणूस नाही. सगळा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला माझा. पण मनगटी घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की माझं तोंड बंद! गिऱ्हाईक विचारायचं, "काय मालक, बरं चाललंय ना?" मी हूं नाही की चूं नाही. कारण आत केसासारखी स्प्रिंग असते, आपण 'बरं चाललंय' म्हणायला गेलो की हात तेवढाच हलतो, आणि गेली स्प्रिंग उडून टेबलाखाली, मग बसा गुडघ्यावर शोधत! आणि इथे तर डोळा! तो उडाला असता तर शोधायचा कशाने?

बरं, मालिका कुठली? तर साडेआठची. तिला नाव आहे हो, चांगलं लांबलचक नाव आहे, पण आमच्या घरात ते कोणी घेत नाही. साडेआठची म्हणजे साडेआठची. वर्षानुवर्षं चालली, आणि पहिल्या भागापासून मी, बायको आणि आमचे थोरले बंधू असे तिघं ती बघत आलो. थोरल्यांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, तेव्हा त्यांना आम्ही आमच्याकडे आणलं, खिडकीपाशी खुर्ची टाकून दिली. आणि योगायोग बघा, मालिकेतसुद्धा अस्सेच एक आजोबा! वाचा गेलेली, खिडकीपाशी खुर्ची, आणि घरात काहीही आदळआपट चालू असो, हे आपले बसलेले आणि बघतायत. एका अक्षराचा संवाद नाही. पण काय काम केलंय त्या नटाने! थोरले त्यांच्याकडे बघायचे, ते थोरल्यांकडे बघायचे. दोघांचं आपसात काहीतरी चालायचं, आम्हाला कळायचं नाही.

मग थोरले गेले. खिडकीपाशी खुर्ची रिकामी झाली आणि टीव्हीत ते आजोबा तेवढे राहिले... खोटं कशाला बोलू, मी त्यांच्यासाठीच साडेआठची बघायचो. आणि नेमके त्याच सुमारास माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकायला लागले. दुकान बंद. समोर धुकं. टीव्ही म्हणजे निळं-पिवळं हलणारं काहीतरी. पण बायको होती ना! शेजारी बसून ती मला सगळं सांगायची. "आता मोठी सून जिना उतरतेय. आता तिने पत्र लपवलं. आता सासूने बघितलं, बाई बाई बाई, बघितलं तिने!" माणसं बोलायची ते मला ऐकू यायचंच, पण आजोबा बोलतच नाहीत, तेव्हा ते मला कळायचे कसे? बायकोकडूनच. मी रोज विचारायचो, "आजोबा?" ती म्हणायची, "बसलेत खुर्चीत." बस्स. मग मला झोप लागायची.

आता ऑपरेशनच्या आदल्याच आठवड्यात मालिका संपली. एकाएकी! आणि आमचं दोघांचं ठरलेलं, शेवट धुक्यात बघायचा नाही. मुलीने शेवटचा भाग रेकॉर्ड करून ठेवलाय, आधी डोळा, मग शेवट. तुम्हाला सांगतो, आठवडाभर मी कानांवर हात ठेवून फिरलो! दूधवाल्याने नुसतं "काका, काल..." म्हटलं की मी दार लावून घ्यायचो. आणि एवढं सांभाळून, एवढं जपून, मी त्या टेबलावर आडवा झालो, दिवा डोळ्यावर आला, मोतीबिंदू फोडायचं ते यंत्र गुंईं करायला लागलं, आणि सिस्टर, चांगल्या पोक्त बाई हो, आवाज असा भरदार, त्या म्हणतात, "डॉक्टर, बघितलात का साडेआठचीचा शेवट?"

म्हटलं, गेलं, संपलं, आता ह्या सांगणार. मी एक बोट वर केलं.

"काका, हलायचं नाही हं!"

डॉक्टरबाई तरुण, आवाज गोड, पण तापलेल्या. "तो काय शेवट होता, सिस्टर? आत्ता कुठे रंगात येत होती आणि गुंडाळली! धाकटीच्या लग्नाचं काय झालं? घर विकलं की नाही? निदान वर्षभर तरी आणखी चालायला हवी होती!" आणि प्रत्येक प्रश्नाला त्या यंत्राचा आवाज चढतो, हे मला ऐकू येतंय! लग्नाचं काय झालं, गुंईंईं! घर विकलं का, गुंईंईंईं! अहो, तिकडे घर विकतायत आणि इकडे माझ्या डोळ्याचा चुरा चाललाय!

सिस्टर म्हणतात, "काय बोलता डॉक्टर! लवकर कुठली? उशिराच संपवली. रबरासारखी ताणली! खरं तर खुर्चीतले आजोबा गेले ना, त्याच दिवशी संपायला हवी होती."

...

काय म्हणाल्या त्या? तुम्ही ऐकलंत? मी ऐकलं. खुर्चीतले आजोबा गेले! कधी? कुठे? गेल्या आठवड्यापर्यंत तर बसले होते खुर्चीत! मी स्वतः विचारलंय! आणि तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडून निघून गेलं, "कोण गेलं?" आणि मान... मान वळली माझी.

यंत्र बंद! "काका!!!" सिस्टरनी माझं डोकं दोन्ही हातांनी असं दाबून धरलं, आणि डॉक्टरबाई काहीच बोलेनात. भांडताना बोलत होत्या तोवर मला भीती वाटत होती, आता बोलेनात तर तोंडचं पाणीच पळालं! म्हटलं, घालवला मी डोळा. माझ्याच मानेने घालवला. कितीतरी वेळाने आवाज आला, "ठीक आहे... वाचलं. काका, किती मोठी चूक केली असतीत! आता अजिबात म्हणजे अजिबात हलायचं नाही!" आणि मग मऊ होऊन म्हणतात, "आणि कोणी गेलं नाही हो. मालिकेतली गोष्ट आहे. वर्ष झालं त्याला."

वर्ष झालं!

आता मी तिथे आडवा, डोळ्यावर पाणी वाहतंय, ते त्यांचं की माझं कुणास ठाऊक, आणि डोक्यात एकेक उलगडायला लागलं. वर्षापूर्वी मी तापाने आठवडाभर पडलो होतो. तेव्हा गेले असणार. आणि बरा होऊन बसलो, विचारलं, "आजोबा?", तर ही क्षणभर थांबली होती. थांबली होती हो! मग म्हणाली, "बसलेत खुर्चीत." आणि पुढे मोठी सून मालिकेत रडत म्हणाली, "आज आजोबा हवे होते," तर ही म्हणते, "आतल्या खोलीत आहेत ते, म्हणून म्हणतेय ती." आणि कोणी आजोबांचं नाव काढलं रे काढलं की हिला खोकल्याची उबळ यायची! अशी खोकायची की पुढचं एक वाक्य ऐकू येईल तर शपथ! मी तिच्यासाठी औषध आणलं! कडू जहर औषध, ते तिने नाक मुरडून दोन बाटल्या प्यायलं, पण खोकला काही सोडला नाही! आणि एकदा तर मी म्हटलं, "आज कसे दिसतायत?" तर म्हणाली, "केस कापलेत. चांगले दिसतायत." मेलेल्या माणसाचे केस कापले हो हिने माझ्यासाठी!

आणि वरती ह्यांचं चालूच! "नाही सिस्टर, आजोबा गेले तरी खुर्ची होती ना तिथे? त्या खुर्चीत कोण बसणार, हाच तर प्रश्न होता! उत्तर न देता संपवली, म्हणून लवकर म्हणते मी!" "अहो, कोणी बसलं नाही हेच उत्तर! शेवटी नुसती रिकामी खुर्ची दाखवली, माझ्या अंगावर काटा आला!" घ्या. शेवटही सांगून टाकला. आठवडाभर कान झाकून फिरलो त्याचं हे फळ. पण खरं सांगतो, तेव्हा मला शेवटाचं काही वाटलं नाही. मला राग यावा की रडू यावं, तेच कळेना. आणि दोन्हींपैकी काहीही करायचं तर हलावं लागतं, आणि हलायचं तर नाही!

मग एकदम डॉक्टरबाई म्हणाल्या, "झालं काका. छान झालंय." मी म्हटलं, "एवढ्यात संपलं?" तर सिस्टर म्हणतात, "बघा डॉक्टर, ह्यांनाही लवकरच वाटतं सगळं."

बाहेर आलो. बायकोने हात धरला. हात गार तिचा. "दुखलं का हो?" म्हटलं, "नाही." "मग असे गप्प का?" म्हटलं, "बोलायचं नाही सांगितलंय." काय बोलणार? वर्षभर एक माणूस आपल्यासाठी रोज खोटं बोललं, न चुकता, न दमता, आणि ते आपल्याला परक्या माणसांकडून कळलं... त्याला काय म्हणायचं असतं?

आणि पुढची गंमत ऐका. पट्टी निघाली. काय दिसायला लागलं म्हणून सांगू! भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा दिसला. बायकोच्या कानाजवळचे केस पांढरे झालेले दिसले. ते कधी झाले? म्हटलं, चला, आता शेवटचा भाग लावू. तर म्हणते, "डॉक्टरांनी टीव्ही नको म्हटलंय." म्हटलेलं नाही! दुसऱ्या दिवशी म्हणते, "रिमोट सापडत नाही." रिमोट तिच्या उशीखाली, मला पलंगावरून दिसतोय, ह्या डोळ्याने दिसतोय! तिसऱ्या दिवशी म्हणते, "संपलेल्या मालिकेत काय बघायचंय?" आणि मला कळत होतं हो, ती का टाळतेय. पडद्यावर खुर्ची येणार, आणि आता मला दिसणार. ती बिचारी रात्र-रात्र कूस बदलत होती. मी विषय काढावा, तर तिचं वर्षभराचं सगळं उघडं पडणार. न काढावा, तर ती अशीच झुरणार.

शेवटी मीच उशीखालून रिमोट काढला. लावला भाग. ती शेजारी बसली, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून. भांडणं झाली, रडारड झाली, माणसं एकेक करून घराबाहेर पडली, आणि मग... खिडकी. आणि खिडकीपाशी खुर्ची. रिकामी. लख्ख रिकामी, तिच्या पाठीचा उडालेला रंगसुद्धा दिसत होता मला. बायकोने तोंड उघडलं, खोकणार की काय असं वाटलं, पण खोकलाही येईना.

मी म्हटलं, "बसलेत खुर्चीत."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मी आपला सरळ टीव्हीकडे बघतोय, मान जराही हलवली नाही. मग हळूच विचारते, "हसतायत का हो?" म्हटलं, "हो. आणि केस कापलेत. चांगले दिसतायत."

डोळे पुसले तिने. माझा हात धरून ठेवला, टीव्ही बंद झाला तरी धरून ठेवला. तुम्हाला सांगतो, मला वाटलं, चला, सगळं न बोलता मिटलं! वाटलं की नाही तुम्हालाही?

सकाळी उठून हिने दवाखान्यात फोन लावला! "डॉक्टरबाई, ऑपरेशन काही नीट झालेलं दिसत नाही, ह्यांना नसलेली माणसं दिसतात!" आता हे ती खरंच म्हणत होती की मला चिडवत होती, मला आजपर्यंत कळलेलं नाही, आणि विचारायची सोय नाही. त्यांनी लगेच बोलावलं. तिथे डॉक्टरबाईंनी दिवा मारून डोळा तपासला. "उजवा तर उत्तम आहे काका. दोष डाव्याचा असणार. पुढच्या मंगळवारी तोही करून टाकू." आणि मागून सिस्टरचा भरदार आवाज, "बरं झालं काका, या. नवीन साडेआठची सुरू झालीय, बघताय ना?"

मी बायकोकडे बघितलं. ती गालात हसतेय! बोलू का, सांगून टाकू का, की अहो, मला खुर्ची रिकामीच दिसली होती?

पण हिने माझं कोपर अस्सं घट्ट दाबलं. म्हटलं, असू दे. जाऊ दे तोही डोळा टेबलावर. कळलं मला... हलायचं नाही.