सगळ्या गावाचं करंज

भोकरदनच्या स्टँडवर बस लागायची होती. मागच्या बाकावर धावड्याचे दोघं शेजारी, मच्छिंद्र आणि साहेबराव.

"काय रे मच्छिंद्र, झाड तोडायची परवानगी भेटली का?"

"न्हाई ना साहेबरावदादा. अंगणातल्या करंजानं नव्या खोलीची जागा अडवली म्हणून वनखात्याच्या हापिसात गेल्तो. साहेबानं उलट मलाच फोटो दाखवले. दरएक फोटोत माणूस येगळा, पण करंज माझंच आन मागं म्हैस बी माझीच. एकात तर तुमी, हातात बादली घेऊन!"

"मंग? मी बाभूळ तोडली तवा कायद्यानं बदल्यात झाड लावल्याचा फोटो लागत होता."

"म्हणून माझ्या अंगणात?"

"समदं गाव तिथंच फोटो काढून राह्यल्तं. तूच चहा पाजत होता."

"तवा वीतभर होतं हो ते! आता साहेब म्हणतात, हे झाड अर्ध्या गावानं लावलेलं हाय, सगळ्यांची संमती आणा."

"बराबर हाय त्यांचं."

"मंग जल्दी सही द्या. तुमच्यापासूनच सुरुवात."

"बिलकुल देणार न्हाई."

"आता का?"

"अरे, उभ्या जन्मात मी लावलेलं ते एकच झाड हाय!"