पेटीतली तार

वाघोलीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक म्हातारी आणि तिची भाची बसल्या होत्या.

"आत्या, बीपीची गोळी घेतलीस ना?"

"सकाळधरनं तीनदा इचारलंस. झालंय काय?"

"आमच्या आजोबांच्या, म्हणजे तुझ्या काकांच्या पेटीत एक जुनी तार सापडली. तुझ्या वडलांबद्दलची."

"त्यांचं नाव नको काढू. लढाईला गेले आन तिकडंच दुसरा संसार थाटला."

"नाही गं. ते लढाईतच गेले. इटलीत, चव्वेचाळीस साली."

"कोन म्हनलं?"

"तारेतच लिहिलंय. तेव्हा तू पोटात होतीस. तुझ्या आईला सोसणार नाही, म्हणून आजोबांनी लपवली असेल."

"आन मी जल्मल्यावर? माझं कन्यादान तुझ्या आज्जानंच केलं. तवा तरी सांगायचं."

"आत्या, चुकलं माझं. पप्पा नको म्हणत होते, मीच बोलले. उतरूया का आपण?"

"आय मरेस्तवर कुंकू लावायची. मी तिच्यावर वरडायची, कुनासाठी लावती म्हून."

"पाणी घे ना थोडं."

"वय काय व्हतं गं त्यांचं?"

"बावीस."

"बावीस? आगं, लेकरूच की."